स्विच डायरेक्ट केला आणि कॉम्प्रेसर जाम झाला

प्रश्न (तासगाव) : गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर लागतच नव्हता. मिस्त्रीने प्रेशर स्विच काढून दोन वायरी डायरेक्ट जोडल्या. आठवडाभर जेमतेम गारवा आला, मग घरघर होऊन कॉम्प्रेसर जाम. आता नवा कॉम्प्रेसर आणि स्विच बसवला की झालं ना?

उत्तर : नाही झालं. स्विच बिचारा चोख काम करत होता. गॅसचा दाब साधारण 2 बारच्या खाली गेला की तो कॉम्प्रेसर लागू देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच पाइपांतून फिरतं. गॅस नाही तर ऑइलही परत येत नाही, आणि आतले भाग कोरडे घासतात. तुमचा गॅस कुठून तरी गळत होता. ते लिकेज आधी शोधा.

घासलेल्या धातूचा चुरा आता पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे ग्रिलमागच्या गॅस थंड करणाऱ्या जाळीत, जाऊन बसलेला असणार. लाइन फ्लश करून घ्या. ड्रायर (ओलावा शोषणारी डबी), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस मापात सोडणारा), ओ-रिंगा (सांध्यातली रबरी कडी) नव्या घाला. हल्लीच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून चुरा धुऊन निघत नाही, तोही बदला. बिल फुगेल, माहीत आहे. पण नाहीतर नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्यात जाईल. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. चालू करण्याआधी कॉम्प्रेसरच्या क्लचची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवा. किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारून (पंपाने आतली हवा ओढून) पंप बंद करा आणि गेजचा काटा जागचा हलतो का ते बघत उभे राहा; हलला तर अजून गळतंय. गॅस वजनावरच भरायचा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. लाइनवरच्या काचेतले बुडबुडे बघून गॅस भरणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

प्रश्न (मिरज) : नुसता स्विच बदलायलाही सगळा गॅस काढावा लागतो?

उत्तर : बऱ्याच गाड्यांत स्विचखाली ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते. स्विच सोडवताना जरा फुसकन आवाज येतो, तेवढंच. काही गाड्यांत ही पिन नसते, म्हणून आधी खात्री करा. पिन नसेल तर गॅस मशीनने ओढून घ्यायला सांगा. एसीतला आर-134ए गॅस हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त तापवतो.

प्रश्न (वाळवा) : हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगेत अडकलो की एसी बंद, गाडी पळाली की परत गार. गॅस वाढवून घेतला, तरी तेच.

उत्तर : तरी नव्हे, त्यानेच वाढलं असेल! ग्रिलमधून बॅटरी मारून कंडेन्सर बघा. पाचटाचे तुकडे आणि धूळ चिकटलेली असेल. वारा लागत नाही, दाब चढतो आणि 30 बारच्या आसपास तोच प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. एसी लावल्यावर पंखा फिरतो का तेही बघा. पाणी हलक्या धारेने मारा. प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात. जादा गॅस काढून वजनावर भरून घ्या.

प्रश्न (वाई) : पसरणी घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की काही सेकंद गारवा कमी होतो.

उत्तर : इंजिनाला जोर मिळावा म्हणून गाडीच कॉम्प्रेसर तेवढ्यापुरता सोडते. गॅरेजला जाऊ नका.