मुलीच्या दप्तरातली कादंबरी

‘माझी मुलगी १६ वर्षांची आहे. हल्ली ती इंग्रजी किशोर-कादंबऱ्यांमध्ये बुडालेली असते. परवा तिच्या दप्तरातली एक मी चाळली. त्यातल्या मुलीला तिचा मित्र मारतो, ती ते घरी लपवते आणि पुन्हा त्याच्याकडेच जाते. मी पुस्तक काढून घेतलं. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. असलं वाचून तिच्या मनावर काय परिणाम होईल?’
– एक आई

ताई, ते पुस्तक तिला आजच परत द्या. देताना ‘मी घाबरले म्हणून घेतलं’ एवढं खरं सांगून टाका.

मार खाणाऱ्या मुलीची गोष्ट वाचून कुणी मार खायला शिकत नाही. या वयात नात्यातला छळ ओळखणं अवघड जातं, कारण ते बहुतेकींचं पहिलंच नातं असतं, ताडून बघायला दुसरं नसतं. शिवाय सुरुवात थपडेनं होत नाही. ‘कुठे आहेस, फोटो पाठव.’ ‘ती मैत्रीण मला आवडत नाही.’ मग फोनचा पासवर्ड हवा असतो, उत्तराला उशीर झाला की अबोला. हात उठतो तो बराच नंतर. त्यानंतर रडारड, माफी, आणि काही दिवस सगळं पहिल्यासारखं गोड. तणाव, स्फोट आणि मग हा गोडवा, असं चक्र मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मांडलं. प्रत्येक नातं याच क्रमानं जातं असं नाही, पण या गोडव्यापायी मुली किती दिवस थांबून राहतात! आपण हे समजावायला बसलो की त्यांना ते भाषण वाटतं. कादंबरीत मात्र त्या नायिकेबरोबर एकेक पायरी उतरतात आणि ‘अगं, निघ तिथून’ असं स्वतःच म्हणू लागतात.

सारा डेसन यांच्या ‘ड्रीमलँड’मध्ये (२०००) मोठी बहीण घर सोडून जाते, आई त्या दुःखात गुरफटते, आणि धाकटीच्या अंगावरचे वळ घरात कुणालाच दिसत नाहीत. ही तुम्ही स्वतः वाचा, आयांनी वाचावी अशीच आहे. ॲलेक्स फ्लिन यांची ‘ब्रीदिंग अंडरवॉटर’ (२००१) मारणाऱ्या मुलाच्या तोंडून येते. कोर्टाच्या आदेशानं तो वही लिहितो, आणि लिहिता लिहिता त्याच्या बापाचा हातही आपल्याला दिसू लागतो. मुलगा असेल तर त्याच्याही हाती द्या.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या जातीच्या पुस्तकांची. नायक तिचा पाठलाग करतो, तिच्या वतीनं निर्णय घेतो, तिला इतरांपासून तोडतो, आणि लेखक त्यालाच अथांग प्रेम म्हणतो. मुखपृष्ठावरून हा फरक कळत नाही. तीही हिसकावू नका, पण त्यांच्याबद्दल बोला जरूर.

कसं बोलायचं? ती वाचतेय तेच पुस्तक आधी शेवटपर्यंत वाचा. मग विचारा, ‘तू हिची मैत्रीण असतीस तर तुला पहिल्यांदा कधी खटकलं असतं?’ आणि गप्प राहा. तिला विचार करू द्या. ‘तुझं असं काही नाही ना?’ हे मात्र विचारू नका. या प्रश्नाला ‘नाही’ याखेरीज उत्तर देताच येत नाही.

ती हे आवडीनं वाचत असेल. एखाद्या मैत्रिणीसाठी वाचत असेल. किंवा स्वतःसाठी. फोन वाजला की दचकते का, जुन्या मैत्रिणी तुटल्यात का, कुठेही जाण्याआधी कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी वागते का, इकडे लक्ष असू द्या.

आणि कधी बोललीच, तर ‘मला वाटलंच होतं’ म्हणू नका. ‘बरं झालं सांगितलंस, यात तुझा दोष नाही’ म्हणा. फोन काढून घेऊ नका, त्या मुलाला जाब विचारायला तडक धावू नका. नातं तोडण्याचा काळच अनेकदा सगळ्यात धोक्याचा असतो. ती एकटी त्याला भेटणार नाही, येता-जाता सोबत कोण असेल, हे तिच्याशी बोलून ठरवा. त्याचे मेसेज पुसू नका, जपून ठेवा. समुपदेशकाची वेळ घ्या, आणि धमकी किंवा मारहाण झाली असेल तर पोलिसांकडे जाताना तिच्याबरोबर तुम्ही असा.