‘इनडिस्पोज्ड’ म्हणजे आजारी की नाखूश?

तुम्ही विचारलंय की बरं नसल्याचं वरिष्ठांना इंग्रजीतून कळवताना सिक, इल, अनवेल की इनडिस्पोज्ड लिहावं, शब्दकोशात इनडिस्पोज्डपुढे ‘आजारी’ आणि ‘नाखूश’ असे दोन्ही अर्थ का आहेत, आणि खरंच नाखुशी कळवायची असेल तर कोणता शब्द घ्यावा. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: अनवेल लिहा. बाकीच्याला जरा जागा लागेल, कारण याच इनडिस्पोज्डपायी माझी बढती एक वर्ष लांबली.

११ वर्षं झाली त्याला. तिमाही आढाव्याची बैठक होती आणि आकडे मी मांडणार होते. रात्री थंडी वाजून ताप भरला, पहाटे पारा १०२ वर. सहा वाजता अंथरुणातूनच साहेबांना मेल केला, ‘आय ॲम इनडिस्पोज्ड टू अटेंड टुडेज मीटिंग.’ आकड्यांची फाइल सोबत जोडली. शब्द मी विचार करून निवडला होता. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘बीइंग सिक’ म्हणजे ओकणं. इल फार गंभीर वाटेल, असं मनात आलं. ऑपेराचा गायक ऐन वेळी गाऊ शकत नसला, तर श्रोत्यांना तो इनडिस्पोज्ड असल्याचं सांगतात. त्यात अदब आहे, तपशिलाची चव्हाट्यावर चर्चा नाही. तो शब्द मला तेव्हा आवडला होता, आजही आवडतो.

तासाभरात एका ओळीचं उत्तर आलं: ‘युवर अनविलिंगनेस इज नोटेड.’

चार दिवसांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन गेले. साहेबांनी टेबलावरचा शब्दकोश उघडून दुसऱ्या अर्थावर बोट ठेवलं. मी पहिल्यावर ठेवलं. मग ते म्हणाले, ‘तुम्ही पुढे टू लिहिलंय.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसतं ‘आय ॲम इनडिस्पोज्ड’ म्हणजे मला बरं नाही. पुढे टू आणि क्रियापद आलं की अर्थ फिरतो: अमुक करायची माझी इच्छा नाही. व्याकरण त्यांच्या बाजूने होतं, हे मी तिथेच मान्य केलं. तरी वार्षिक अहवालात ‘जबाबदारी घेण्यास अनिच्छा’ हे शब्द आलेच.

दोन अर्थ एकाच शब्दात का, याचं कारण त्याच्या मुळात आहे. लॅटिनमध्ये डिस्पोनेरे म्हणजे नीट मांडणं, जागच्या जागी लावणं. १५व्या शतकाच्या आसपास इंग्रजीत इनडिस्पोज्डचा अर्थ ‘विस्कटलेला, तयारीत नसलेला’ असा होता. शरीराची घडी विस्कटली तर आजारी, मनाची तयारी नसली तर नाखूश. आपल्याकडे तरी वेगळं कुठे आहे? ‘आज उठणं अगदी जिवावर आलंय’ हे अंगात कणकण असलेला माणूसही म्हणतो आणि कंटाळा आलेलाही. ऐकणारा आवाजावरून ओळखतो, नाहीतर ‘काय गं, बरं नाही का?’ असं विचारतो. मला तेवढंच विचारलं असतं तर पुरे होतं.

आणि खरा मुद्दा मला त्या दिवशी सुचला नाही, तो आता लिहिते. कामाला यायची इच्छा नसलेला माणूस तसं कधीही लिहीत नाही. तो ‘बरं नाही’ असंच लिहितो. पहाटे सहा वाजता आकड्यांची फाइल जोडून कोणी वरिष्ठांना ‘मला यायचं नाही’ असं कळवेल का? ज्याला टूमधला फरक कळतो, त्याला एवढंही कळायला हवं. चुकलेला टू दुरुस्त करायला कोणाची हरकत नाही, पण त्यावरून माणसाची नियत ठरवू नये. हा संशय इंग्रजीच्या अंगातच मुरलेला दिसतो. फ्रेंचमध्ये मालँग्र म्हणजे खरोखरच अशक्त, आजारी. त्यावरून १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सैनिकांच्या बोलीत मॅलिंगरर हा शब्द आला, तो मात्र आजाराचं सोंग घेऊन काम टाळणाऱ्यासाठी!

अनवेल लिहा म्हणाले ते यासाठी की त्यातून नाखुशीचा अर्थ कोणाला ओढूनताणूनही काढता येत नाही. सिकचंही तसं नाही, पुढे ऑफ आलं की ‘वैतागलोय’ होतं. इल हा नॉर्समधून आलेला शब्द, मूळ अर्थ वाईट. इल विल, इल लक यांत तो अजून जिवंत आहे. इल-डिस्पोज्ड तर चुकूनही लिहू नका, त्याचा अर्थ ‘मनात आकस असलेला’ असा होतो.

हे सगळं लिहून झाल्यावर सांगते, तुमचे वरिष्ठ अमेरिकन वळणाचं इंग्रजी वापरत असतील तर सिक बिनधास्त चालेल. ओकारीचा अर्थ तिकडे सहसा कोणाच्या मनात येत नाही आणि आजारपणाच्या रजेला सगळीकडे सिक लीव्हच म्हणतात. इनडिस्पोज्डही चुकीचा नाही, फक्त त्याच्यापुढे पूर्णविराम द्या. जमलं तर फोनच करा.

नाखुशी कळवायचीच असेल तर लोथ आहे. शेवटी ‘ई’ लावू नका, नाहीतर थचा ध होऊन ‘तिरस्कार करणं’ हे क्रियापद होईल. पण मी रिलक्टंट घेईन. लॅटिनमध्ये लुक्तारी म्हणजे कुस्ती खेळणं, झगडणं. मन विरोधात झगडत असतं आणि बहुतेक वेळा शेवटी ते काम करावंच लागतं. त्या वार्षिक अहवालावर मी सही केली ती रिलक्टंटली.