एकाच घरात आजोबा, आईवडील आणि मुलं इतकं वेगवेगळं का बघतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत: एका घरातल्या तीन पिढ्यांचं मनोरंजन इतकं वेगळं का, आणि हल्लीच्या मुलांचं लक्ष खरंच कशात टिकत नाही का? आमचं पुण्यातलं घर तीन पिढ्यांचं आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

आधी दुसरा प्रश्न. लक्ष टिकत नाही, हे मला मुळीच पटत नाही. माझी लेक चित्रं काढता काढता दोन-दोन तासांचे पॉडकास्ट ऐकते आणि सुट्टीत आख्खी वेब सीरिज एका रात्रीत संपवते. दुपारी जेवण झालं की एकामागून एक रील्स बघत बसतात ते माझे बाबा. ही सवय वयाची नाही, हातातल्या फोनची आहे.

फरक पडला तो वेळ कोण ठरवतं यात. आजीच्या काळी रेडिओ ठरवायचा. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. पुढचं गाणं ऐकायचं तर आठवडाभर थांबण्यावाचून इलाज नव्हता. आजीला त्यातली बरीच गाणी तोंडपाठ होती. मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं आणि वर्षभरात सिंहगडावरून पुण्यातही दिसू लागलं. चॅनेल एकच. 'साप्ताहिकी'त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगत, तेव्हा बाबा पेन्सिल घेऊन बसायचे. पुढे १९९२ मध्ये झी आलं, घरोघरी केबल आणि रिमोट आला. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि प्रत्येकाचा पडदा वेगळा झाला.

सोय झाली, यात शंकाच नाही. मात्र न मागता कानावर पडायचं ते थांबलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आमच्याकडे शेतीचा एक गुंठा नाही, तरी कांद्यावर करपा पडतो हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक, कारण 'आमची माती, आमची माणसं' संपल्याशिवाय पुढचा कार्यक्रम लागत नसे. नाट्यसंगीत आवडतं का, असं मला कोणी विचारलंच नव्हतं. शाळेची तयारी करताना सकाळी सात-पाचच्या बातम्या ऐकू यायच्याच. आता अ‍ॅप काय करतं? काल जे बघितलं त्याच जातीचं आज पुढे करतं. बाबांना कीर्तनं आणि राजकारण, लेकीला कोरियन मालिका, मला क्रिकेट. शेजारी बसलेलं माणूस कशाला हसतंय तेही कळत नाही. रील अर्ध्या मिनिटाची आहे की तासाची, याची काळजी मला वाटत नाही. एकमेकांच्या आवडीची ओळखच होत नाही, याची वाटते.

म्हणून आम्ही शुक्रवारी रात्री जेवणानंतर टीव्हीची पाळी लावली आहे. ज्याची पाळी त्याने लावायचं, बाकीच्यांनी फोन आत ठेवून बसायचं. लेकीने कोरियन मालिका लावली, तर बाबांना सबटायटल्स वाचता येईनात. मग हिंदी डबिंग शोधलं. त्यातली खाष्ट सासू बघून बाबा सावरून बसले आणि पुढचा भाग त्यांनीच मागितला. त्यांच्या पाळीला त्यांनी कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावलं. लेक तेव्हा काही बोलली नाही, पण नंतर तेच हेडफोनवर ऐकताना दिसली.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एकच सांगतो: काय बघायचं यावर एकमत करायला बसू नका. त्यात अर्धा तास जातो आणि सगळे आपापल्या खोलीत निघून जातात. सरळ पाळ्या लावा, आणि पहिली पाळी घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या.