नोकरी बदलताना स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा कशी जपावी?

प्रश्न: देवनागरीत व्हेरिएबलची नावं देता येतील अशी छोटी ओपन सोर्स प्रोग्रॅमिंग भाषा मी चार वर्षं लिहितोय. आता ऐरोलीची नोकरी सोडून बीकेसीत रुजू होणार आहे. नव्या करारात ‘नोकरीच्या काळात लिहिलेला सर्व कोड कंपनीचा’ असं कलम आहे. शिवाय कुर्ल्याची गर्दी, रिक्षाची रांग धरून रोज दोन-अडीच तास प्रवासात जातील. प्रकल्प थांबवावा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: थांबवू नका, पण आहे त्या करारावर सहीही करू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी असते, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. तुमच्या करारात ‘कामाचा भाग’ ही अटच नाही; रविवारी घरी लिहिलेलंही त्यात ओढलं जाईल.

एचआरला ईमेल करा: प्रकल्पाचं नाव, रिपॉझिटरीचा (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेल्या जागेचा) पत्ता, परवाना, पहिल्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) तारीख. हे करारात ‘आधीची कामं’ म्हणून परिशिष्टात घालून घ्या. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात, कारण परिशिष्टाने जुना कोड वाचतो, पुढे लिहाल तो नाही. ‘यापुढे स्वतःच्या वेळात, स्वतःच्या लॅपटॉपवर घातलेली भरही कर्मचाऱ्याचीच’ हे वाक्य लेखी हवं. मॅनेजरचा तोंडी होकार मॅनेजरबरोबरच जातो. शक्य असेल तर करार वकिलाला दाखवा.

नोकऱ्या बदलल्याचा माग भाषेवर कसा राहतो ते बघायला पायथॉन या भाषेच्या परवान्याची फाइल उघडा. तिचे जनक गिडो व्हान रॉसम ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेतून १९९५ मध्ये अमेरिकेत सीएनआरआय या संस्थेत गेले, २००० मध्ये बीओपन या कंपनीत. या प्रत्येक मुक्कामाचा परवाना आजही त्या फाइलमध्ये एकाखाली एक आहे. जीपीएल या ओपन सोर्स परवान्याशी जुळवून घेण्यासाठी तर पायथॉनची १.६.१ ही आवृत्ती काढावी लागली.

नोटीस पिरियड संपायच्या आत ऐरोलीची कामं उरका. गिटहब, डोमेन, पॅकेजचं खातं यांपैकी काहीही ऑफिसच्या मेलवर असेल तर आजच बदला. शेवटच्या दिवशी मेल बंद झाला की पासवर्ड रीसेटची लिंकही मिळत नाही. जुन्या कमिटवर ऑफिसचा मेल असेल तर मेलमॅप फाइलने (जुना मेल नव्या नाव-मेलशी जोडणाऱ्या यादीने) नाव नीट दिसेल, मालकी मात्र ठरणार नाही. तेवढ्या काळासाठी कंपनीकडून ‘हक्क नाही’ असं पत्र घ्या. पुढे ही चूक होऊ नये म्हणून गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) ‘यूजकॉन्फिगओन्ली’ हे सेटिंग चालू ठेवा आणि ग्लोबल ईमेल काढून टाका: रिपॉझिटरीत ईमेल दिलेला नसेल तर गिट कमिटच करत नाही. या खात्यांवर आणखी एका विश्वासू माणसाला मालकाचे अधिकार द्या.

आता वेळेचं. खरा वेळ खातं ते ‘हे आपण असं का केलं होतं?’ आठवणं. तुमच्याच भाषेतलं उदाहरण घ्या. ‘वाऱ्याचा_वेग’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा. दिसायला सारखाच, पण लेक्सरने (कोडमधले शब्द वेगळे करणाऱ्या भागाने) नावं एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणली नाहीत तर दोन वेगळी व्हेरिएबल होतात. सहा महिन्यांनी हे रूपांतर करणारी ओळ फालतू वाटून तुम्हीच काढाल. म्हणून असा प्रत्येक निर्णय चार ओळींत, कारणासकट, रिपॉझिटरीतच लिहा आणि त्याची टेस्ट (तो मोडला तर लगेच दाखवणारी छोटी चाचणी) जोडा.

पहिले तीन महिने नवं फीचर घेऊ नका. फक्त बग, आणि तसं रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) स्पष्ट सांगा. काम करून उठताना आपल्या शाखेवर (मुख्य कोडपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रतीवर) एक छोटी नापास टेस्ट मुद्दाम सोडा. आठ दिवसांनी बसाल तेव्हा तीच चालवा, कुठून सुरू करायचं ते पहिल्या मिनिटात कळेल.