भाऊ जर्मनीत, जमीन खानापूर तालुक्यात. तिथल्या नोटरीकडून केलेलं मुखत्यारपत्र बेळगावात चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलोपार्जित जमिनीची वाटणी नोंदवायची आहे, भाऊ स्टुटगार्टला आहे, त्याला रजा मिळत नाही. तो म्हणतोय, घराजवळच्या नोटरीकडं जाऊन मुखत्यारपत्र करतो आणि कुरिअरनं पाठवतो.

त्याला आधी फोन करून थांबवा. जर्मन नोटरीकडं जायचं नाही, म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जायचं. स्टुटगार्ट त्यांच्याच हद्दीत येतं. हे मी ठामपणे सांगतोय, कारण आम्ही उलटं करून बसलो होतो.

आमची ताई न्यू जर्सीला असते. आमच्या वाटणीच्या वेळी तिनं बँकेतल्या नोटरीसमोर सही केली, शिक्का घेतला आणि कागद पाठवून दिला. अमेरिकेत नोटरी गल्लोगल्ली सापडतो, बँकेत, औषधाच्या दुकानात, कुरिअरवाल्याकडं. फीसुद्धा थोडकीच. आपल्याकडं कोर्टाच्या आवारात बसलेला नोटरी म्हणजे दहा वर्षं वकिली केलेला माणूस, तिकडं बँकेतली कॅशियरसुद्धा नोटरी असू शकते. तो फक्त एवढंच सांगतो की ही सही याच माणसानं माझ्यासमोर केली. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

कागद घेऊन मी उपनिबंधकांच्या कचेरीत गेलो. कोणत्या ते सोडा. क्लार्कनं पान उलटंपालटं करून बघितलं, नखानं शिक्का खरवडल्यासारखं केलं आणि एवढंच विचारलं, "ई शिक्का यारद्री?" हा शिक्का कुणाचा? माझ्याकडं उत्तर नव्हतं. न्यू जर्सीतल्या कुठल्याशा बँकेतली बाई खरंच नोटरी आहे की नाही, हे खानापूर-बेळगावच्या क्लार्कनं ओळखायचं तरी कसं? त्या दिवशी राग आला होता. नंतर कळलं की परदेशी कागदांचा सगळा कारभार याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ॲपोस्टिल. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून ते आलं. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. करारातल्या देशानं आपल्या नोटरीच्या शिक्क्यावर 'हा माणूस आमचाच' असं प्रमाणपत्र जोडलं की दुसऱ्या देशानं पुढं वकिलातीचा शिक्का मागायचा नाही. ताईचा कागद परत गेला आणि तिच्या राज्याचं ॲपोस्टिल लावून आला, तेव्हा मी ते प्रमाणपत्र पहिल्यांदा हातात घेतलं. चौकोनी मजकूर, वर फ्रेंचमध्ये कराराचं नाव आणि तारीख, खाली एक ते दहा आकडे घातलेल्या ओळी: देश कुठला, सही कुणाची, कोणत्या पदावरून, शिक्का कुणाचा, कुठं दिलं, कधी, कुणी, नंबर काय. क्लार्कनं विचारलेला प्रश्न त्यात चौथ्या ओळीवर छापलेलाच होता. अमेरिकेत ज्या राज्याचा नोटरी, त्याच राज्याचं ॲपोस्टिल लागतं. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याचं एकच कार्यालय ते देतं.

मग जर्मनीत हेच का नको? जर्मनी करारात आहे, भारतही आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली. त्यामुळं या दोन देशांमध्ये ॲपोस्टिलला किंमत नाही. जर्मन नोटरीचा कागद इथं आणायचा तर नोटरी, मग तिथल्या न्यायालयाकडून त्याच्या सहीची खात्री, आणि शेवटी परत आपलंच कॉन्सुलेट. शिवाय जर्मन नोटरी म्हणजे कायद्यातला मोठा माणूस, त्याची फी व्यवहाराच्या किमतीवर ठरते. एवढा वळसा घालून कॉन्सुलेटच्याच दारात जायचं असेल तर सुरुवातीलाच जावं. (दुबई, कतार, कुवेतला कुणी असेल तर त्यांनीही ॲपोस्टिलच्या नादी लागू नये. आपल्या भागातली किती पोरं तिकडं आहेत हे सांगायला नको. त्यांनाही वकिलात किंवा कॉन्सुलेट हाच रस्ता.)

कायद्याचा आधार हवा असेल तर नोंदणी कायदा 1908, कलम 33. मुखत्यारपत्र देणारा भारतात राहत असेल तर त्यानं ते निबंधक किंवा उपनिबंधकासमोर करायचं. भारताबाहेर राहत असेल तर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट किंवा भारतीय कॉन्सल यांच्यासमोर. कायद्यात नोटरीही आहे, पण 'कोणता नोटरी' यावर कोर्टांत पुष्कळ वाद झालेत. कॉन्सलच्या सहीवर वाद घालताना मी तरी कुणाला बघितलेलं नाही.

आता खरी मेहनतीची गोष्ट. मसुदा जर्मनीत तयार करू नका, इथं करा. ज्या टेबलावर तो कागद शेवटी वाचला जाणार, तिथून उलटं चालत या. आमच्या बाँड रायटरनं, म्हणजे दस्त लिहिणाऱ्यानं, ताईचा पहिला कागद बघून "हे कुठनं करून आणलासा?" असं विचारलं होतं, ते शिक्क्यामुळं नव्हे. नेटवरचा नमुना उचलून ताईनं 'भारतातील माझी सर्व मालमत्ता' असं लिहिलं होतं. सर्व्हे नंबर नाही, हिस्सा नंबर नाही, गाव नाही, चतुःसीमा नाहीत. वाटणीपत्रावर सही करायचा, ते नोंदणीसाठी हजर करायचा आणि कबुली द्यायचा अधिकार वेगवेगळा लिहावा लागतो, तोही नव्हता.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्याच भागातली खास. आमच्या वडलांचं नाव पहाणीत, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यात, 'परशराम', कन्नड अक्षरात. ताईच्या पासपोर्टवर वडलांचं नाव 'परशुराम'. तिचं माहेरचं आडनाव जुन्या कागदात, सासरचं पासपोर्टवर. 1956 आधीचे कागद मुंबई राज्यातले, म्हणून मराठीत, काही तर मोडीत. नंतरचे कन्नडमध्ये आणि पासपोर्ट इंग्रजीत. तीन लिप्यांतून फिरून आलेलं नाव एकसारखं राहील ही अपेक्षाच चूक. मुखत्यारपत्रातच 'पासपोर्टवर अमुक, हक्काच्या कागदावर तमुक, दोन्ही मीच' असं वाक्य घालून घ्या. नंतर वेगळं प्रतिज्ञापत्र करायला भाऊ परत म्युनिक गाठणार नाही. भाषा इंग्रजी ठेवा. आपल्याला मराठी जवळची, पण हा कागद कॉन्सुलेटलाही वाचता आला पाहिजे आणि इथल्या कचेरीलाही. अस्मितेची लढाई या पानावर लढू नका.

मसुदा वकिलाकडून पक्का करून भावाला मेल करा. त्याला दोनदा बजावून सांगा की घरी सही करायची नाही. ती अधिकाऱ्यासमोर, प्रत्येक पानावर. साक्षीदार किती लागतात, ते सोबत हवेत का, वेळ आधी घ्यावी लागते का, हे कॉन्सुलेटच्या संकेतस्थळावर बघून जायला सांगा. एकापेक्षा जास्त प्रती करून घेतलेल्या बऱ्या.

मुखत्यार कुणाला करताय? सख्ख्या भावालाच, म्हणजे तुम्हालाच, असेल तर ठीक. पुढं विक्रीचा अधिकारही त्यात घालणार असाल आणि मुखत्यार चुलतभाऊ किंवा मित्र असेल तर जपून. कर्नाटकात आई-वडील, नवरा-बायको, मुलं, सख्खी भावंडं यांच्याबाहेर कुणाला स्थावर विकायचा अधिकार दिला की मुद्रांक शुल्क बाजारभावावर लागतं. वकिलाला हा प्रश्न आधी विचारा.

कागद इथं पोचल्यावरही काम उरतं. बाहेर केलेल्या दस्तावर कर्नाटकाचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तो राज्यात पहिल्यांदा आला त्या दिवसापासून 3 महिन्यांच्या आत. त्यासाठी जिल्हा निबंधकांकडं जायचं. ही अट फक्त जर्मनीसाठी नाही. निपाणीहून अर्ध्या-पाऊण तासावरच्या कोल्हापुरात केलेलं मुखत्यारपत्रही कर्नाटकाबाहेरचंच. कोल्हापूरला स्थायिक झालेल्या आमच्या आत्याच्या कागदावरही हेच झालं, आणि तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "मी काय परदेशात राहते व्हय?" असं ती प्रत्येक सणाला विचारते.

नोंदणीच्या दिवशी आमच्याकडं ताई हयात असल्याचा पुरावाही मागितला, कारण देणारा माणूस गेला की मुखत्यारपत्र संपतं. तिनं पाठवलेलं सहीचं पत्र माझ्या पिशवीत होतं म्हणून निभावलं. तारखेच्या आठवडाभर आधी भावाकडून तसं पत्र मागवून ठेवा.

आणि कुरिअरचं पाकीट फाडून टाकू नका. कागद कधी आला याचा पुरावा म्हणून पाकिटावरची तारीख लागते. आमचं पाकीट आईनं चुलीत घातलं होतं, मग कुरिअरवाल्याकडून पोच काढून आणायला मला दोन चकरा माराव्या लागल्या.