चर्चची जागा 29 वर्षांच्या भाड्यानं, आणि हिशेब विचारणाऱ्याचं नाव यादीतून कमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यांची मंडळी, म्हणजे गावातल्या चर्चचे सभासद, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. कंपाउंडमधली रस्त्याकडेची जागा पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा रोजचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) सेक्रेटरींनी एका बिल्डरला दुकानगाळ्यांसाठी 29 वर्षांच्या भाड्यानं दिली. वार्षिक सभेत यांनी त्याचा हिशेब मागितला. पुढची मतदार यादी लागली तेव्हा यांचं नाव त्यात नव्हतं. आता मुलीचं लग्न ठरलंय आणि पाळकसाहेब मंडळीचं पत्र, म्हणजे मुलगी या मंडळीची असल्याचा दाखला, द्यायला तयार नाहीत. "राज्यघटनेच्या कलम 26 प्रमाणे चर्चच्या कारभारात कोर्टाला पडता येत नाही, असं सेक्रेटरी म्हणतात. ते खरं का? आमच्या आजोबांच्या पिढीनं वर्गणी काढून चर्च बांधलं, मग आम्हाला विचारायचाही हक्क नाही?" असं त्यांनी विचारलंय. भाडेकराराची आणि प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स सोबत आहे.

सर, जय ख्रिस्त.

सेक्रेटरींनी कलम 26 अर्धंच वाचलंय. धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण करण्याचं स्वातंत्र्य त्या कलमात आहे, हे खरं. पण मालमत्तेचा विषय आला की तेच कलम म्हणतं, कारभार कायद्यानुसार करा. आपल्याकडचा तो कायदा म्हणजे 1950 चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. तो धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत आव्हान दिलं गेलं होतं. 1954 मध्ये रतिलाल गांधी खटल्यात काही तरतुदी वगळता तो टिकला. देऊळ असो, चर्च असो, जमिनीच्या बाबतीत धर्मादाय आयुक्तांना विचारावंच लागतं.

आता तुमची कागदपत्रं. करार 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, खाली नोटरीचा गोल शिक्का. 'लिहून देणार' म्हणून पास्टरेट कमिटी, तर्फे सेक्रेटरी. प्रॉपर्टी कार्डावर मात्र धारक म्हणून एका ट्रस्ट असोसिएशनचं नाव आहे. म्हणजे ज्यांनी जागा लिहून दिली, त्यांच्या नावावर ती नाहीच! पुढचं ऐका. 1950 च्या त्याच अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे सार्वजनिक ट्रस्टची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन असेल तर ही मर्यादा दहा वर्षांची. विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र यांनाही मंजुरी हवीच. त्यातून एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. नोटरीच्या शिक्क्यानं 29 वर्षांचा हक्क मिळत नाही.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नोटरी करार दाखवायला ठेवून मागे नोंदणीकृत दस्त केलेला असू शकतो. म्हणून दुय्यम निबंधकांकडून त्या सिटी सर्व्हे नंबरची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) काढा. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीतल्या उताऱ्याची, प्रमाणित प्रत घ्या. आज नोंदलेले विश्वस्त कोण, कोणती मिळकत नोंदली आहे, बदल अर्ज कधी दाखल झाले, हे त्यात दिसेल. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. किती तरी संस्थांच्या नोंदीत गेलेली माणसं अजून विश्वस्त असतात, ते वेगळंच. आणि या जागेसाठी कलम 36 चा अर्ज कधी आला होता का, हेही त्याच कार्यालयात लेखी विचारा.

हे कागद हाती आले की पहिला अर्ज कलम 41-ई खाली करा. ट्रस्टची मिळकत वाया जाण्याचा किंवा अयोग्य रीतीनं हस्तांतरित होण्याचा धोका असेल तर धर्मादाय आयुक्त मनाई आदेश देऊ शकतात. हे पाया खणायच्या आत व्हायला हवं. अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरी देण्याची वाटही आता कायद्यात आहे, आणि गाळे उभे राहिले, त्यात माणसं बसली की बिल्डर तीच वाट धरणार. पदाधिकाऱ्यांना हटवण्याचा कलम 41-डीचा अर्ज किंवा कलम 50 चा दावा नंतर बघू. दाव्याला हितसंबंध असलेली किमान दोन माणसं आणि आयुक्तांची परवानगी लागते, तेव्हा बरोबर कोण उभं राहील याची चाचपणी आतापासून करा.

आजोबांच्या वर्गणीचं म्हणाल, तर त्याला थोडा इतिहास आहे. सांगली-मिरज भागात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं काम. त्यांच्या पद्धतीत मंडळीचे निवडलेले वडील कारभार बघायचे आणि वर अनेक मंडळ्यांची मिळून प्रेसबिटरी ही सभा असायची. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन, ती काँग्रिगेशनल परंपरा, म्हणजे मंडळीची सभा म्हणेल ते अखेरचं. या दोन्ही परंपरा 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. मग 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि वर बिशप आले. आज खाली पास्टरेट, मध्ये बिशपांचा धर्मप्रांत, वर सिनॉड ही सर्वोच्च सभा. उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ, रोजचा खर्च हे पास्टरेट कमिटीनं बघायचं. जमीन ट्रस्टच्या नावावर. जुन्या लोकांच्या मनातली 'आमची मंडळी, आमची जागा' ही भावना मी समजू शकतो, पण कमिटीला जागा देऊन टाकता येत नाही ती याच रचनेमुळे. इथे ती रचना तुमच्याच बाजूची आहे.

तुमच्यातलं कुणी 1970 चं विलीनीकरणच बेकायदा ठरवायला निघेल. गुजरातच्या चर्च ऑफ द ब्रेदरनच्या (त्या सहांपैकी एक) प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की जुनी संस्था कायद्यानं विसर्जितच झाली नव्हती, त्यामुळे तिची मिळकत नव्या चर्चकडे गेली नाही. निकाल महत्त्वाचा आहे, पण तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. त्या वादात पिढी जाते, आणि तुमचं काम त्याच्याशिवाय होण्यासारखं आहे.

यादीतून नाव कमी केलं त्याला नोटीस होती? ठराव होता? तुमचं म्हणणं ऐकलं? पत्रावरून तिन्हीची उत्तरं 'नाही' दिसतात. ठरावाची प्रत रजिस्टर पोस्टानं मागा आणि बिशपांकडे लेखी दाद मागा. चर्चच्या घटनेतली दाद मागण्याची पायरी गाळून दिवाणी कोर्टात गेलात तर पहिला आक्षेप तोच येईल. शेजारच्या बेळगावच्या एका लॉजमधून (फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या शाखेतून) काढलेल्या सभासदाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तो सभासद हरला, पण संस्थेनं सभासद काढताना आपले नियम काटेकोर पाळले पाहिजेत, हे तत्त्व त्यात पक्कं झालं. मतदानाच्या हक्कासाठी ते तुमच्या उपयोगाचं आहे. प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधी) द्या असा हुकूम मात्र कोर्ट पाळकांना देणार नाही.

तुमचे भाऊ म्हणतात तशी सामाजिक बहिष्कार कायद्याखाली पोलिसांत फिर्याद सध्या नको. 2016 च्या त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. यादीतून नाव कमी होणं हा एकट्यानं बहिष्कार ठरेल असं मला वाटत नाही. दफनभूमीत जागा देणार नाही, याच्या घरी कुणी जायचं नाही, असं कुणी म्हटलं तर तारीख आणि साक्षीदार लिहून ठेवा आणि मला कळवा.

लग्नाचं त्यातल्या त्यात सोपं आहे. नाव तुमचं कमी झालंय, मुलीचं नाही. तिचं दृढीकरण (मंडळीत पूर्ण सभासद करून घेण्याचा विधी) झालेलं आहे, ती स्वतः सभासद आहे. तेव्हा पत्राचा अर्ज तिच्या सहीनं जाऊ द्या, पोच घ्या. नकार आला तर तो लेखी मागा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात वधूच्या मंडळीचं पत्र ही अट नाही. तो चर्चचा आपला रिवाज आहे. लग्न लावायचा अधिकार असलेले दुसरे पाळक हे लग्न लावू शकतात, वराच्या मंडळीतही ते होऊ शकतं. तिकडच्या पाळकांना आजच भेटून ठेवा, कारण चर्चमधल्या लग्नाच्या तीन रविवारच्या घोषणा धरल्या तर हाताशी वेळ कमी आहे. मुलीचा अर्ज आणि जमिनीचा अर्ज एका पाकिटात घालू नका.