जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचा नुसता काळा टर्मिनल (फक्त अक्षरं दाखवणारा पडदा) चालतो. ग्राफिक्सशिवाय त्यावर फ्रॅक्टल (छोट्या तुकड्यातही पूर्ण आकारासारखीच नक्षी दिसते असे आकार) काढता येतील का?

येतात की! आणि त्यासाठी पायथनसारखी भाषा किंवा कुठली लायब्ररीही लागत नाही. बॅश (टर्मिनलवर दिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) आणि ऑक (awk ही छोटी भाषा) एवढ्यावर काम होतं, आणि ते दोन्ही तुमच्या लिनक्समध्ये आधीपासूनच असणार. सांगलीत विश्रामबागला मी अकरावी-बारावीच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. लूप शिकवून झाला की त्यांना पहिलं हेच करायला लावतो.

बहुतेक जण थेट मँडेलब्रॉट संच या गाजलेल्या फ्रॅक्टलवर उडी मारतात. माझ्या मते सुरुवात सिएरपिन्स्कीच्या त्रिकोणाने करावी. पोलिश गणितज्ञ सिएरपिन्स्की यांनी तो १९१५ मध्ये मांडला. बॅशमध्ये एकात एक दोन लूप लावा, ओळ ० ते ७ आणि रकाना ० ते ७. दोन्ही आकड्यांमध्ये & हे चिन्ह घाला (हे बिटवाइज 'आणि': दोन्ही आकडे ०-१ च्या द्विमान रूपात लिहिले की दोन्हींत १ असेल तिथेच १ ठेवतं). उत्तर शून्य आलं तर @ छापा, नाहीतर टिंब. झालं.

@@@@@@@@
@.@.@.@.
@@..@@..
@...@...
@@@@....
@.@.....
@@......
@.......

यातल्या @ मोजा, २७ भरतात. आता ७ च्या जागी १५ घाला, ८१ होतील. म्हणजे बाजू दुप्पट केली की खुणा तिप्पट. साधी रेघ असती तर दुप्पट झाल्या असत्या, भरीव चौकोन असता तर चौपट. हा आकार मधेच लटकलेला, म्हणून त्याची मिती १ ही नाही आणि २ ही नाही, साधारण १.५८५ आहे. फ्रॅक्टल म्हणजे काय हे पोरांना व्याख्येपेक्षा या मोजणीतून लवकर कळतं.

जाता जाता: पिंगळाच्या छंदशास्त्रावर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार येतो. पुस्तकात पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकवतात तोच, ज्यात प्रत्येक संख्या वरच्या दोन संख्यांची बेरीज असते. त्यातल्या विषम संख्यांच्या जागी खूण केली आणि सम जागा मोकळ्या सोडल्या की हीच नक्षी उमटते.

आता मँडेलब्रॉट संच. इथे ऑक घ्या, कारण बॅशला अपूर्णांक कळत नाहीत. ३ भागिले २ विचारलंत तर १ सांगतो. (उलट बिटवाइजचं & साध्या ऑकमध्ये नाही, म्हणून वरचं काम बॅशकडे दिलं.) प्रत्येक जागेला दोन आकडे द्या: आडवा अ, उभा ब. क्ष आणि य शून्यापासून सुरू करा. नवा क्ष म्हणजे क्षचा वर्ग वजा यचा वर्ग अधिक अ. नवा य म्हणजे दोन गुणिले क्ष गुणिले य अधिक ब. नवा क्ष लगेच जुन्याच्या जागी टाकू नका, तो आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, कारण यच्या हिशेबाला जुनाच लागतो. हाच हिशेब पुन्हापुन्हा करा, प्रत्येक वेळ म्हणजे एक फेरी. क्ष आणि य यांच्या वर्गांची बेरीज ४ च्या वर गेली की तो बिंदू पळाला. ५० फेऱ्यांत पळाला नाही तर तो संचातला धरून @ छापा.

चित्र बिघडतं ते गणितामुळे कमी, मापामुळे जास्त. टर्मिनलवर अक्षराची जागा उभट असते, रुंदीच्या साधारण दुप्पट उंच. म्हणून उभी पायरी ०.१ ठेवलीत तर आडवी ०.०५ हवी, नाहीतर आकार उभा ताणला जातो. ब १.१ पासून −१.१ पर्यंत आणि अ −२.१ पासून ०.६ पर्यंत घेतलात तर २३ ओळी आणि ५५ रकाने होतात. २४ ओळींच्या पडद्यावर प्रॉम्प्टलाही (पुढची आज्ञा टाइप करायच्या ओळीला) जागा उरते.

पळालेल्या बिंदूंसाठी दहा-बारा चिन्हांची रांग कशाला? लांबचे बिंदू दोन-चार फेऱ्यांतच पळतात. फेरी १, २, ३, ४ यांना मोकळी जागा, टिंब, : आणि + द्या, पुढच्या सगळ्यांना एकच *. मराठी अक्षरं वापरायचा मोह होईल, पण पुष्कळ टर्मिनलांमध्ये देवनागरीची रुंदी नीट धरली जात नाही आणि रकाने सरकतात.

आणि टर्मिनलवरचं चित्र म्हणजे गरिबाची सोय असं अजिबात समजू नका. ब्रुक्स आणि मॅटेल्स्की या दोघांनी १९७८ मध्ये या संचाचं पहिलं चित्र काढलं, तेही * छापूनच. ज्यांचं नाव या संचाला मिळालं ते गणितज्ञ मँडेलब्रॉट आयबीएम या संगणक कंपनीत त्याच्यामागे लागले ते १९८० मध्ये.

एवढं जमलं की अ −०.७५ आणि ब ०.१ च्या आसपास जा. पायऱ्या शंभरपट बारीक करा आणि फेऱ्या ५० वरून ५०० वर न्या. फेऱ्या तेवढ्याच ठेवल्यात तर बराचसा पडदा नुसत्या @ ने भरून जाईल.